उवांचा तास

आमच्या शाळेत विज्ञानाच्या बाईंना सगळे बेडूकबाई म्हणत. बेडूक त्या असा रंगवून सांगायच्या, की मागचे बाक आपोआप डराव डराव करायचे. पण उत्क्रांतीचा धडा आला की बाईंची गाडी अडे. "हा घरी वाचा रे, दोनच मार्कांना असतो," म्हणत पान उलटायच्या.

त्याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी ठासून सांगितलं, जिराफानं पाल्यासाठी मान ताणली, ताणली, म्हणून ती लांब झाली. एक पोरगी उठली. "बाई, माझे बाबा हमाल. गोण्या वाहून त्यांचा खांदा पार वाकडा झालाय. मग माझा सरळ कसा?"

"खाली बस," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? शिवाय बाई देवभोळ्या. जीव देवानं घडवले नाहीत, हे असलं शिकवून सकाळी देवापुढे कोणत्या तोंडानं उभं राहायचं, ही धास्ती वेगळीच.

यंदा हेडमास्तरांनी नेमकं तेच पान उघडलं. "उद्या हा धडा घ्या. मी मागं बसतो. नाही जमलं तर विज्ञान दुसऱ्याला देतो, तुम्ही शिवणकाम घ्या."

बाईंना धड गुंडी लावता येत नव्हती.

संध्याकाळी त्या लेकीच्या उवा काढत बसल्या. हात केसांत, जीव धड्यात. सासूबाई म्हणाल्या, "फेक ते औषध. उवांना त्याची सवय झालीय."

"अहो आई, मेलेल्या उवेला कसली सवय?" बाई करवादल्या. "जिला लागलं ती मेली. एखादी मुळातच चिवट, ती वाचली. मग लिखाही तिच्याच, आणि त्याही तसल्याच..."

फणी केसांतच थांबली.

"आई गं, दुखतंय!" लेक ओरडली. बाईंना ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात जिराफाच्या आधी उवा आल्या. अर्धा वर्ग डोकं खाजवू लागला. "ऊ काही शिकली नाही," बाई म्हणाल्या. "चिवट होत्या त्या उरल्या, त्यांचीच पिल्लं वाढली. जिराफाचंही तसंच. लांब मान घेऊन जन्मले ते टिकले. ताणून आलेलं पोरांत उतरत नाही. मीच इतकी वर्षं चुकीचं धरून बसले होते."

"बाई, मग देव?" एकानं विचारलं. हेडमास्तर ताठ झाले.

"ते मीही त्याला रोज विचारीन. पण हा तास उवांचा आहे."

हेडमास्तर कान खाजवत बाहेर पडले. "शिवणकाम राहू द्या," एवढंच म्हणाले.

ती हमालाची पोर आता किराणा दुकान चालवते. बाई तडक तिथं गेल्या. "अगं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं!"

"कुठल्या?"

"बाबांच्या खांद्याच्या!"

"सांगा की पटकन," ती तराजू सोडून पुढं आली. "काय चोळायचं? रात्रभर कण्हतात हो."

बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. इथं 'खाली बस' म्हणायचीही सोय नव्हती.