स्टोव्हवरचं मीठ अन् सूर्यातलं सोडियम

शाळेच्या प्रदर्शनाच्या यादीतून हेडमास्तरांनी माझ्या पोरीचं नाव कापलं, अन् परत घेतात की नाही ते अजून सांगून नाही राह्यले! रोज टपरीच्या या फळ्यावर मी बसच्या वेळा लिहिते. आज त्या पुसल्या. चहा पिणाऱ्यांनो, हे वाचा.

शेवंता सातवीत आहे. शाळेच्या प्रदर्शनात ती स्टोव्हच्या निळ्या जाळावर मीठ टाकून दाखवणार होती. जाळ पिवळाजर्द होते, कारण मिठात सोडियम असते. तेच सोडियम सूर्यात अन् ताऱ्यांत आहे, त्यांच्या उजेडावरून ते ओळखतात. शाळेच्याच पुस्तकात आहे हे. हेडमास्तर म्हणाले, "हा बायकांचा चुलीपाशचा खेळ, विज्ञान नाही."

आज दुपारी मी टपरीवरचा स्टोव्ह उचलला अन् त्यांच्याच टेबलावर पेटवला.

"बाई, ही शाळा आहे, हॉटेल नाही!"

"म्हणूनच आणला, गुरुजी. हाटेलात तर रोजच पेटते."

चिमूटभर मीठ टाकलं. जाळ पिवळा झाला. हेडमास्तर चष्मा पुसत म्हणाले, "पाहू."

आता काय पाहायचं राह्यलं? मी दोनच बुकं शिकली, पण पिवळा रंग मलेही दिसते. पोरगी सूर्यात काय आहे ते सांगते, अन् तुम्ही तिले चूल दाखवता?

शनिवारी प्रदर्शन आहे. गुरुजी, शुक्रवारी शाळा सुटायच्या आत तिचं नाव यादीत परत घेता की नाही, ते याच फळ्यावर येऊन लिहा. खडू मी देते.