साठीच्या दिवशी वाटलेल्या वस्तू

चेन्नईत कुठल्याही कार्याला जा, निघताना तुमच्या हातात एक पिशवी येते. त्यात नारळ, विड्याची पानं आणि एखादी वस्तू. पूर्वी निदान स्टीलची वाटी असायची, आता बहुतेक वेळा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यावर नवरानवरीचं नाव छापलेलं. अशी पिशवी घरात आली की आमचे हे ती जमिनीवर ओतून तिचा पंचनामा करत. हे आपण कशाला वापरणार, आणि वापरून झाल्यावर हे कुठं जाणार, असं मलाच विचारत, जणू तो डबा मीच छापून आणला होता. लोकांनी प्रेमानं दिलंय, गुपचूप घ्या, असं मी म्हणायची. पण गुपचूप बसणं त्यांना कधी जमलंच नाही.

कुणाला काही द्यायचं झालं तर चकचकीत कागद घरात यायचा नाही. तमिळ वर्तमानपत्रात वस्तू गुंडाळायची आणि फुलवालीकडून मागून आणलेल्या केळीच्या दोऱ्यानं बांधायची. त्यांच्या साहेबांच्या मुलीच्या लग्नात ते शेवग्याचं रोप घेऊन थेट स्टेजवर चढले. फोटोवाल्याला ते कुठं उभं करावं कळेना, नवरीच्या शालूला माती लागली, आणि मी मागे उभी राहून मेल्याहून मेल्यासारखी झाले होते. मला चांदीची समई द्यायची होती, म्हणून घरी आल्यावर भांडले. ते म्हणाले, पाच वर्षांनी ती मुलगी सांबारात त्या झाडाच्या शेंगा घालेल, तेव्हा तुझ्या चांदीच्या समईची तिला आठवणही नसेल.

रेल्वेतल्या नोकरीमुळे आम्ही साताऱ्याकडून इकडे आलो ते इथलेच झालो. आम्हाला मूलबाळ नाही. धाकट्या दिराला ह्यांनीच बोलावून घेतलं आणि गिंडीत एका कारखान्यात चिकटवलं. लग्न होईपर्यंत तो आमच्याकडेच राहिला. त्याचा मुलगा शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. लहानपणी शाळा सुटली की तो आधी आमच्या दारात यायचा. आपली माणसं म्हणायची ती एवढीच.

निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना ह्यांच्या पोटात गाठ निघाली. एग्मोरच्या डॉक्टरांनी सगळं समजावलं, पण आमच्याकडे न बघता, कागदाकडे बघत. घरी येताना हे रिक्षात एवढंच बोलले की साठी व्हायला हवी. साठीशांतीवर ह्यांचा विश्वास होता असं नाही. त्यांना सगळी माणसं एकदा एकत्र बघायची होती.

मग ‘द्यायचं काय’ हा विषय निघाला. मी आपली ज्यूटच्या पिशव्या, मातीच्या पणत्या, बियांचे कागद असं काय काय मोबाइलवर शोधून दाखवत होते. निसर्गाला न दुखावणाऱ्या भेटवस्तूंचाही केवढा बाजार मांडलाय, तो बघून मलाही हसू आलं. ह्यांनी मोबाइल बाजूला ठेवला. "नवीन काही आणायचंच नाही," ते म्हणाले. "घरात आहे तेच द्यायचं. माझं आहे ते, माझ्या हातानं."

त्यानंतरचे दिवस ते कपाटं उघडून बसले. कुणाला काय द्यायचं ह्याचा इतका विचार त्यांनी आमच्या लग्नातही केला नसेल. रेल्वेतल्या दोस्ताला रेडिओ, हत्यारांची पेटी समोरच्या बिऱ्हाडातल्या तंजावरकर मामांना. भावासाठी लाकडी मुठीची छत्री निवडली. तिच्या काड्या कितीदा बदलल्या असतील, पण मूठ अजून तीच होती. जावेचं कंबरडं ऑफिसातल्या एसीनं धरतं म्हणून तिला आपली घोंगडी. पुतण्या रोज पाण्याची बाटली विकत घेतो म्हणून त्याला तांब्या. तो चिंचेनं घासायला ते स्वतः मोरीत बसले. उठताना त्यांना मला धरावं लागलं, पण कितीतरी आठवड्यांनी चेहरा खुलला होता. त्यांना दुसरं काही नको होतं. जायच्या आधी आपल्या माणसांनी आपल्या हातून काहीतरी घ्यावं आणि ते वापरावं, एवढंच.

कार्य आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. पुन्हा एकदा हार घातले, तंजावरकर मामी मला चिडवत होत्या आणि केळीच्या पानावर जेवणं झाली. मग हे खुर्चीत बसून एकेकाला हाक मारू लागले. प्रत्येक वस्तूभोवती वर्तमानपत्राचा पट्टा आणि केळीचा दोरा. दोस्तानं रेडिओ तिथंच लावून बघितला. मामांनी हत्यारांची पेटी उघडून लगेच पक्कड हातात घेतली. दिराची पाळी आली तेव्हा त्यानं छत्रीकडे बघितलं, आणि हात पुढं करायला त्याला वेळ लागला. मला वाटलं गहिवरलाय. जावेनं घोंगडी घेऊन पदराखाली धरली. पुतण्यानं वाकून नमस्कार केला. ह्यांनी त्याला सांगितलं, लग्नानंतर दोघांनी ह्यातलंच पाणी प्यायचं. त्याचं लग्न ठरलेलं होतं.

आमच्या सोसायटीत ओला कचरा, सुका कचरा वेगळा करायला ह्यांनीच लावलं होतं. त्यापायी लोकांची किती बोलणी खाल्ली होती. रोज सकाळी खाली जाऊन कुणी कशात काय टाकलंय ते बघायचं हा त्यांचा नेम. कार्याच्या दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नव्हतं, तरी केळीची पानं नीट ओल्या कचऱ्यात गेली की नाही हे बघायला निघाले. मी दंडाला धरून बरोबर गेले.

पानं बरोबर जागी होती. त्यांनी सुक्याचं झाकण उघडलं. वर्तमानपत्राचा कागद आणि केळीचा दोरा तसाच होता. छत्री, घोंगडी, तांब्या. तिन्ही एकावर एक ठेवलेली, टाकलेली नव्हती. गाडीत बसायच्या आधी कुणीतरी हलक्या हातानं ठेवून गेलं होतं.

हे झाकण धरून आत वाकले. "डबा तरी बरोबर निवडला," ते म्हणाले.

त्यांना वर आणून निजवलं आणि मी जावेला फोन लावला. तिला काय काय ऐकवलं ते आता सांगत नाही. मग ती रडत म्हणाली, ताई, तुम्हाला खरंच ठाऊक नाही का? आणि तिनं फोन दिराकडे दिला.

सासरे गेले तेव्हा हे परमुलखात ट्रेनिंगला होते. दिवस धाकट्यानं केले. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुढे सासूबाईंच्या वेळीही तसंच, गाडीला उशीर, आणि आम्ही गोडाच्या जेवणाला हजर. मढ्यामागचे विधी आम्हाला कधी बघायलाच मिळाले नाहीत.

"वहिनी, बाराव्याला गेलेल्या माणसाच्या नावानं भटजींना छत्री देतात, कांबळं देतात, तांब्या देतात. बाबांचं ते सगळं मी ह्या हातांनी दिलंय," दीर म्हणाला. "काल दादा स्वतःच्याच हातानं मला छत्री देत होता. नाही कसं म्हणू? आणि घरात कशी नेऊ? पोराचं लग्न आहे."

त्याचं म्हणणं मला पटलं नाही, आजही पटत नाही. पण तो खोटं बोलत नव्हता, हेही मला कळत होतं, आणि त्यामुळे माझा राग कुठं न्यावा ते कळेना. ह्यांना काही सांगायचं नाही असं ठरवून मी आत गेले. ते जागे होते. फोनवरचं माझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, उरलेलं त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. ऐकून ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "म्हणजे मी त्यांना माझं मरण वाटून देत होतो," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

दीर नंतर येत राहिला. फळं आणायचा, पाय चेपायचा, डोळे पुसायचा. ह्यांनी त्याला एका शब्दानं दुखावलं नाही. पण एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात आली. चहा पिऊन झाला की हे कप माझ्या हातात देत नव्हते. स्टुलावर ठेवायचे, हात मागे घ्यायचे, मग मी उचलायचा. गोळ्यांचं पाकीट, टॉवेल, टीव्हीचा रिमोट, सगळं तसंच. अशक्तपणामुळे असेल अशी मी स्वतःची समजूत घातली. एकदा मुद्दाम हात पुढं केला आणि म्हटलं, "द्या ना, हातात द्या."

त्यांनी ग्लास स्टुलावर ठेवला. "राहू दे," म्हणाले. "तुला अजून जगायचंय."

मी तेव्हा त्यांच्यावर ओरडले. आजाऱ्यावर ओरडू नये, पण ओरडले. एवढं सगळं आयुष्य असल्या गोष्टींना हसणारा माणूस, आणि शेवटी त्याच्या आत ही भीती त्याच्याच माणसांनी नेऊन घातली. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कप पुन्हा स्टुलावर ठेवला.

हॉस्पिटलात शेवटचं आत नेताना नर्सनं चष्मा काढायला सांगितला. मी पलंगाला टेकून उभी होते, तळहात त्यांच्या अगदी समोर धरून. त्यांनी चष्मा काढला, माझ्या हाताकडे बघितलं, आणि तो चादरीवर ठेवून दिला.