आकड्याचं आडनाव

तपासणीच्या टेबलावर कॉइल धुमसली आणि आक्कानं ती हातानंच ओढून काढली. तळव्याची कातडी तारेला चिकटून आली. हात बादलीत बुडवून तिनं विचारलं, "मी सकाळी काय वरडले?"

"बावीस," आम्ही म्हणालो.

"बावीस काय?"

"नुसतं बावीस."

इस्लामपुरातल्या त्या कारखान्यात आक्का आमची मुकादम. तांब्याची तार गुंडाळायची, मीटरला लावायची, ठरलेला आकडा आला की थांबायचं. माप हेन्रीचं. हेन्री म्हणजे काय ते चौथी शिकलेल्या मला आजही विचारू नका. एका हेन्रीचे हजार मिली, एका मिलीचे हजार मायक्रो, एवढं पक्कं. आमच्याकडं कायम मायक्रोचंच काम यायचं, म्हणून आक्का नुसता आकडा ओरडायची. त्या दिवशीचं काम मिलीचं होतं. तिनं सवयीनं आकडाच वाचला. पाहिजे होते बावीस हजार मायक्रो, आम्ही थांबलो बावीसवर. वेढे लवकर संपले म्हणून वर खूशही झालो. तेवढ्याशा तारेला वीज आवरेना, ती पेटली.

मालक आले. म्हणाले, "दुसऱ्या टेबलावरच्या चौघी उद्यापासून नकोत. हा माल त्यांनी गुंडाळलाय."

त्या चौघींत मी होते.

"आवं मालक, वरडले मी. त्यांना कशापायी काढता?"

"तू जुनी आहेस. तुझं सोड."

"का सोडू? चूक माझ्या तोंडाची हाय. त्यांना काढलं तर मी बी चालले."

"हाताबरोबर डोकं पण भाजलं काय तुझं?"

"डोकं शाबूत हाय."

"मी गिऱ्हाइकाला काय सांगू? कुणाला तरी काढावंच लागंल."

"मग मला काढा. ह्या चौघी जाणार न्हाईत."

मालकांनी आम्हाला ठेवलं आणि तिला महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. तिला वाटलं असतं तर तेवढ्यात पाय धरता आले असते. धरले नाहीत. फडकं बांधलेल्या हातानं ती टेबलांमधून फिरायची आणि कुणी नुसता आकडा बोललं की अडवायची, "आडनाव सांग!"

"दीड मिली, आक्का."

"मायक्रोत?"

"दीड हजार."

चहाच्या वेळीही सुटका नव्हती. एकजण म्हणाली, "घरी चार पावणे आल्यात."

"मिली का मायक्रो?"

"मिलीच असतील. लय खात्यात."

आक्का हसली. तुमच्या ओळखीतही असं एखादं माणूस असेल, नोकरी जाताना हसणारं. मला तेव्हा तिचा राग आला होता. आमच्यासाठी कुणी जावं, असं आम्ही म्हटलं नव्हतं.

महिना संपला, ती गेली. मालकांनी निरोपाचा नारळ पुढं केला. "तुमच्या देवाला फोडा," म्हणाली आणि चालू लागली. तिची मूठ नंतर कधी पुरती मिटली नाही.

यंदा ती रहिमतपूरला लेकीकडं वारली. आम्ही चौघी आहोत. तिघी त्याच टेबलावर आहेत. मी गुडघ्यांमुळं काम सोडलं, मला कुणी काढलेलं नाही.