गाळलेलं कडवं

लखनौत मराठी कवितेची पुस्तकं काढणारा माणूस एकच होता. रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनिअर. आम्ही मराठी मंडळातले सगळे त्यांना काका म्हणायचो. तेलीबागेतल्या घराची पुढची खोली हेच त्यांचं प्रकाशन, आणि छपाई अमीनाबादच्या एका प्रेसमध्ये. तिथला ऑपरेटर प्रत्येक ‘ळ’चा ‘ल’ करून टाकायचा. काका त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसत आणि स्क्रीनवर बोट ठेवून एकेक ‘ळ’ जागेवर आणत.

बँकेच्या बदलीनं मी इथे आले आणि इथलीच झाले. माझा संग्रह काकांनीच काढला, नाहीतर माझ्या कविता कपाटातच राहिल्या असत्या. पण निम्म्या कविता त्यांनी वगळल्या, उरलेल्यांतल्या ओळी बदलल्या, आणि मला हे कळलं ते पुस्तक हातात आल्यावर. आठवडाभर मी धुमसत होते. मग शांतपणे वाचून पाहिलं आणि राग ओसरला. कविता खरंच सुधारल्या होत्या.

मावशींचा राग मात्र कधी ओसरला नाही. या मावशी मंडळातल्याच, सत्तरी ओलांडलेल्या. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं त्यांनी अनेक वर्षं केलं होतं, आणि त्यावर एक कविता लिहिली होती. थंडीत गच्चीवरच्या उन्हात सासूला बसवून तिचे केस विंचरायचे, एवढंच त्या कवितेत होतं. शेवटच्या कडव्यात मात्र त्यांनी लिहिलं होतं की सासू गेली त्या दिवशी मला गाढ झोप लागली, आणि जाग आल्यावर अंग हलकं वाटलं. काकांनी कविता छापताना ते कडवं न विचारता गाळलं. कविता केस विंचरण्यावर संपली आणि फार गाजली. भोपाळ, इंदूरच्या मंडळांतही ती वाचली जायची. आदर्श सून म्हणून मावशींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही झाला. त्यानंतर त्यांनी काकांशी बोलणं सोडलं. लिहिणंही.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. त्यांची मुलगी हजरतगंजमधल्या एका कंपनीत काम करते. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. तिनं मला फोन केला. “आंटी, भाषण नको. बाबा ने जिनको छापा, वो सब एक-एक कविता पढ़ें, बस.”

मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. मावशी येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्या आल्या, मागच्या रांगेत बसल्या, आणि शेवटी स्वतःहून उठल्या. हातात कागद नव्हता. त्यांनी तीच कविता म्हटली. केस विंचरण्याशी आल्यावर लोकांनी माना डोलावल्या, एक-दोघांचे हात टाळीसाठी वरही आले. मावशी थांबल्या नाहीत. गाळलेलं कडवं त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हटलं.

टाळीसाठी वर आलेले हात खाली गेले. माझ्या शेजारच्या बाई पुटपुटल्या, “आजच्या दिवशी हे बरं दिसतं का?”

मावशी नमस्कार करून खाली बसल्या.

काकांच्या आठवणीसाठी निवडक कवितांचं पुस्तक काढायचं मुलीच्या मनात होतं. ते काम तिनं माझ्यावर सोपवलं होतं. दोन दिवसांनी आम्ही दोघी मावशींकडे गेलो. मुलीनं आडवळण न घेता विचारलं, “आप बताइए, कौन सी वाली छापें? आप कहें तो दोनों छाप देते हैं.”

“दोन्ही कशाला? माझी छापा,” मावशी म्हणाल्या.

“बाबा ग़लत थे?”

मावशी म्हणाल्या, “कवितेचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायचं. त्यांनी विचारलं असतं ना बेटा, तर कदाचित मीच ते कडवं काढलं असतं. पण विचारलं नाही. आणि लोक मला देवी समजायला लागले. मी देवी नव्हते. मी दमले होते.”

मुलीनं मान खाली घातली. परतताना ऑटोत ती म्हणाली, “घर में भी ऐसे ही थे. हमारे लिए अच्छा ही सोचते थे. पूछते नहीं थे.” तेवढं बोलून ती बाहेर बघत राहिली, आणि मला जाणवलं की वडील गेल्यापासून ती आज पहिल्यांदाच त्यांच्यावर चिडली होती. रडलीही थोडी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

पुस्तक निघालं. मावशींची कविता पूर्ण छापली. प्रेसमध्ये या वेळी मी बसले होते. ते कडवं पानावर आलेलं बघून मला काकांची भीती वाटली, ते अजून कुठूनतरी येऊन खोडतील अशी.

पुस्तक नातेवाइकांत पोहोचल्यावर मावशींचा फोन आला. “नणंदेनं बोलणं टाकलंय,” त्या म्हणाल्या. आवाजात हसू होतं. “इतक्या वर्षांत तिनं माझी कविता पहिल्यांदा नीट वाचली असणार.”

मीही हसले. ती कविता काकांनी थांबवली होती तिथेच थांबायला हवी होती, असं मला अजूनही वाटतं. मावशींना हे मी सांगितलेलं नाही. आणि उद्या पुन्हा छापायची वेळ आली, तरी मी ती पूर्णच छापेन.