थोरल्या सुनेचा गुडघा

आमच्या घरी गौर थोरली सून आणते. ओहोळाच्या काठावरून तेरड्याची जुडी घ्यायची, तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि घर येईपर्यंत बोलायचं नाही, मागं बघायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून हा मान माझा. म्हणून उन्हाळ्यात कल्याणला उजव्या गुडघ्याची वाटी बदलली, तेव्हा डॉक्टरांना पहिला प्रश्न मी गौरीचाच विचारला. "व्यायाम केलात तर गणपतीपर्यंत चालाल," ते म्हणाले. मी त्यातलं 'चालाल' तेवढं ऐकलं.

टोकावड्याला घरी आले आणि व्यायाम म्हणजे काय ते कळलं. पलंगाच्या कडेला बसून पाय मागं ओढायचा, की ब्रह्मांड आठवायचं. तरी गुडघा वाकत होता बिचारा. वॉकर सोडून काठीवर आले तेव्हा सगळ्या आळीला सांगून झालं.

मग माझी धाकटी जाऊ मदतीला धावली. ती शहापूरकडची. तिच्या माहेरी कुठलाही सांधा धरला की रुईच्या पानाला तेल लावून तव्यावर तापवतात आणि बांधतात. माझ्या गुडघ्यावर सूज होतीच. तिनं मायेनं पान बांधलं आणि विचारलं, "चटका बसतो का?"

"अजून गरम कर, काही लागतच नाही," मी म्हटलं.

लागणार कसं? ऑपरेशननंतर टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर असते. संध्याकाळी पान सोडलं तर खाली हा भला मोठा फोड.

डॉक्टर भडकले. जंतू आत सांध्यापर्यंत गेले तर सगळं पुन्हा उघडावं लागेल, म्हणाले. जखम भरेपर्यंत गुडघा वाकवायचा नाही. जखम भरली, पण तोवर गुडघा आखडला आणि पुन्हा वॉकर आला. मी जावेला नाही नाही ते बोलले आणि मग पदरात तोंड खुपसून रडले. यंदा गौर माझ्या हातून येत नाही, हे मनानं धरलंच.

मुलगा म्हणाला, "आई, मी तुला स्कूटरवरून नेतो, आणतो."

"गौर काय डबलसीट येते का रे?" मी खेकसले.

जाऊ मात्र एवढं ऐकूनही दुसऱ्या दिवशी हजर. या खेपेला पानाबिनाशिवाय. माझ्या टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायला लावायची. पडवीतून अंगणात, अंगणातून पडवीत चालवायची. मी पावलागणिक तिच्या माहेराचा उद्धार करायची. शेवटी तिनं पाण्याचा तांब्या आणून पुढ्यात धरला. "ताई, चूळ भरा आन् चाला. माज्या कानाला आराम, तुमाला गौरीची सवय."

पहिली चूळ हसण्यात तिच्याच अंगावर उडाली. पुढच्या जमल्या. तोंड बंद ठेवल्यानं दुखणं काही कमी होत नाही, त्याची चर्चा तेवढी थांबते. हळूहळू वॉकर कोपऱ्यात गेला.

गौरीच्या दिवशी चांगली उघडीप होती. काठी टेकत निघाले. ओहोळाशी बायका पूजेला उकिडव्या बसल्या, मी उभीच राहिले. मला आता जमिनीवर बसायचं नाही, पुढंही कधी नाही. त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? जावेनं जुडी माझ्या हातात दिली. मी चूळ भरली.

परतीच्या चढावर गुडघ्यानं संपच पुकारला. थांबा म्हणायची सोय नव्हती. तेवढ्यात मागून जाऊ ओरडली, "जरा दम खाऊ द्या गो, माजा पाय दुखतो!"

तिच्या पायाला काय धाड भरली होती! पण सगळ्या बायका थांबल्या आणि मीही थांबले.

घर आलं तशी ती घाईनं पुढं झाली. दारात तिनं माझ्या पायांवर पाणी घातलं आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "गौर आली, कशाच्या पावली आली?"

उत्तर ठरलेलं आहे, सोन्याच्या पावली. मी चूळ टाकली आणि तोंडातून निघालं, "चालत आली गो, चालत आली!"

"ताई, गौरीचं इचारलं, तुमचं नाय," जाऊ म्हणाली आणि डोळे पुसत उरलेलं सगळं पाणी तिनं माझ्या उजव्या पायावर ओतलं.