फिकट प्रत

कोथरूडच्या आमच्या चौकात एका चाचांचं झेरॉक्सचं दुकान होतं. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, प्रत्येक कागदाआधी ते मशीनची काच बाहीनं पुसायचे.

मी फिजिशियन असिस्टंटच्या कोर्सला अर्ज करत होते. बारावीला केमिस्ट्रीत नापास झाले होते. पुन्हा बसून अडुसष्ट मिळवले होते. दोन्ही मार्कशीट जोडायच्या होत्या. मी हळूच म्हटलं, "चाचा, ही पहिली जरा फिकट काढाल?"

त्यांनी काच पुसली आणि प्रत उलट आणखी गडद काढली. "अहो ताई, फिकट प्रत दिसली की साहेब लोक चष्मा लावून वाचतात." मग नापासाचीच मार्कशीट वर ठेवून त्यांनी पिन मारली.

मुलाखतीत मॅडमनी ती एकदाच पाहिली, पान उलटलं आणि विचारलं, "दुसऱ्या वेळी वेगळं काय केलंत?" याचं उत्तर माझ्याकडे होतं.

आता डॉक्टरांच्या आधी पेशंटची माहिती मी घेते. बाकी सगळं खणखणीत सांगून कुणी एखादंच वाक्य पुटपुटलं, की मी चष्मा लावते.