चपला काढून उतरायचा चर

मातीसुद्धा ज्याला दबून असे, असा माणूस आमच्या अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच झाला: आमचे उत्खननवाले काका. धाड गावाकडच्या रस्त्याचं रुंदीकरण निघालं, तेव्हा डांबराखाली जुनंपुरातन काही गाडलं जाऊ नये म्हणून कंपनीनेच त्यांना पगारावर नेमलं. म्हणजे मीठ कंपनीचं खायचं आणि काम कंपनीचंच अडवायचं! माझा जेसीबी तिथे भाड्याने होता, त्यामुळे हा सोहळा मी रोज पहिल्या रांगेत बसून पाहिला. कोणी खड्डा म्हटलं की काका खवळत. "खड्डा रस्त्याले पडते, हा चर आहे!" चराच्या भिंती त्यांना खव्याच्या वडीसारख्या कापलेल्या हव्यात. चपला काढल्याशिवाय उतरायचं नाही, चर झाडल्याशिवाय डबा उघडायचा नाही. एकदा कंपनीचे मॅनेजर बुटांसकट उतरले.

"साहेब, घरी देवघरात असेच जाता काय?"

"हा नियम लिहिलाय कुठे?"

"लिहेल नाही, म्हणून तं मले बोंबलावं लागते!"

बूट निघाले. एका मोज्याला भोक होतं.

मग एक दिवस राखेने भरलेला गोल खळगा लागला आणि काकांचा चेहरा लग्नघरासारखा उजळला. "पुरातन चूल!" काम बंद. मॅनेजर धुमसले, "यातून काही निघालं नाही, तर उद्या दुसरा माणूस आणतो." काका ब्रशने राख सारत बसले, शेजारी मी. तळाशी निघाली गुटख्याची चकचकीत पुडी! गेल्या हंगामात कोणीतरी गोवऱ्यांवर रोडगे भाजून पार्टी केली होती.

मी कुजबुजलो, "काका, खिशात टाका. कोणी नाही पाह्यली."

"मी पाह्यली ना बे!"

आणि त्यांनी सगळ्यांना हाक मारली. "चूक माही आहे. पण पाहाले याचं तं चपला काढून!"

दुसऱ्या दिवशी कंपनीने काकांना घरी पाठवलं. नव्या माणसाने गाडीची काच खाली करून 'इथे काही नाही' म्हणून सही केली, काच वर केली. चर बुजवायला मी जेसीबी घेऊन पोहोचलो, तर काठावर चपलांची रांग, आणि खाली मजूर बाया चर झाडत होत्या.

"आता काऊन झाडून राह्यल्या वो? बुजवाचाच आहे."

"काका असते तं असा बुजवू देल्ला असता काय?"

मी ड्रायव्हरला म्हटलं, "थांब बे. होऊ दे त्यायचं."

आता तिथून एसटी सुसाट जाते. माझी गाडी त्या वळणावर आली की मात्र अजूनही पाय हळूच चपलेतून बाहेर येतो.